सुलूख मोडल्याबाबत

मी, निजामोद्दीन करीमोद्दीन काझी, वय ६६, व्यवसाय सेवानिवृत्त शिक्षक, राहणार जुनी पेठ, लातूर, समक्ष हजर राहून सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नी रईसा हिच्यासह राहतो. घराच्या गच्चीवर माझी कबुतरांची ढाबळ आहे. माझा टंबलर शेजारचे क्लासचालक श्रीनाथ रेणापूरकर यांनी ठेवून घेतला आहे.

हवालदार लिंबाजी यांनी, टंबलर स्टीलचा की काचेचा, असे विचारले. खुलासा करतो की, आमच्या घरात टंबलर म्हणजे पाण्याचा गिलास, क्लासच्या मुलांत झाकणाचा थर्मास आणि किल्ली बनवणाऱ्याकडे कुलपाच्या आतले खटके. माझी तक्रार यांपैकी कशाचीही नाही. कबूतर पाळणाऱ्यांत टंबलर म्हणजे गिरेबाज, उडता उडता हवेत कोलांट्या खाणारा पक्षी. माझा नर काळा, पांढऱ्या शेपटीचा.

दुसऱ्याचे कबूतर आपल्या गच्चीवर उतरले तर ते धरणाऱ्याचे होते, असा या शौकातला रिवाज आहे. दोघांत सुलूख, म्हणजे एकमेकांचे पक्षी न ठेवण्याचा शब्द, असेल तर मात्र परत करावे लागते. किल्लारीच्या भूकंपात माझी ढाबळ पडली, पक्षी अंधारात उडाले. श्रीनाथही तेव्हा कबुतरे पाळीत. त्यांची स्वतःची भिंत खचली होती, तरी त्यांनी माझे पक्षी चादरीत घालून आणून दिले. त्या दिवशी आमचा सुलूख झाला. पुढे त्यांनी क्लास काढले, ढाबळ मोडली. सुलूख मोडला नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात नर परतला नाही. श्रीनाथ माझ्या गच्चीवर आले आणि दिवस मावळेपर्यंत माझ्यासोबत शीळ घालत उभे राहिले. "घारीनं नेला असंल, निजामभाई," म्हणाले. रईसाने त्यांना चहा दिला.

दिवाळीनंतर तोच नर मला त्यांच्या क्लासच्या वर कोलांट्या खाताना दिसला. मी जाऊन विचारले. ते म्हणाले, "धरलं त्याचं असतं, भाई. सगळ्या गावाचा कायदा हाय."

मी म्हणालो, "गावाचा हाय. आपला न्हाई."

"भूकंपाच्या गोष्टी आता कशाला काढायलात?"

आज हवालदारांनी नराचा पिंजरा दोन्ही घरांमधल्या रस्त्यावर ठेवून उघडला. ज्याच्या गच्चीवर उतरेल त्याचा, असे ठरले. मीही कबूल केले होते. नर श्रीनाथ यांच्या गच्चीवर उतरला. तिथे आता पुन्हा ढाबळ आहे, त्याची जोडी लावलेली असून पिले आहेत. गल्लीतले लोक हसले. लिंबाजी म्हणाले, "गुरुजी, निकाल लागला. चला."

कबुतरावर माझा दावा नाही. त्याचे घर आता तिथे आहे. माझा दावा श्रीनाथ यांच्यावर आहे. शब्द मोडल्याचे कलम नाही, असे मला सांगण्यात आले. ती उणीव कायद्याची आहे. त्याने श्रीनाथ निर्दोष ठरत नाहीत. त्यांनी इथे येऊन एवढेच सांगावे, की ते माझ्या गच्चीवर शीळ घालत होते तेव्हा नर त्यांच्या पिंजऱ्यात होता.

जबाब मला वाचून दाखवला. शेवटची मागणी काढल्यास प्रकरण इथेच मिटेल, असे सुचवण्यात आले. मी ती काढू दिली नाही. सर्व मजकूर मी सांगितला तसाच असून खरा आहे.