शब्द नंतर भरू

— नाही, नाही, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय मोडलाय — इकडे बस, कॉम्प्युटरसमोर. चहा कोराच आहे हं रमझी, उपास चालू आहेत, तुम्ही सिडनीत पाळता की नाही देव जाणे. तर काय म्हणत होतास — बाबांचं रेकॉर्डिंग? आहे ना. देते की! तुझ्या या मार्सेलमावशीनं कधी कुणाचं काही ठेवून घेतलंय का? आधी हे कागद बघ. तुझ्या बाबांचं, आपल्या चर्चच्या गायनगुरूंचं, मुअल्लिम लबीबांचं, गुड फ्रायडेचं स्तोत्र — पूर्ण, सतरा पानं. उद्या त्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला चर्चची सगळी गाणारी मंडळी यावरूनच गाणार. काल तालमीत तू मागच्या बाकावर बसून रडलास म्हणे, ‘अगदी बाबांसारखं’ म्हणालास — सांगितलं मला लोकांनी. बरं वाटलं. म्हणजे — बरं कसलं डोंबलाचं, रात्रभर हीच पानं उलटत बसले.

हे गाणं कागदावर उतरवायचं काम कसं करतात तुला ठाऊक नसेल. आधी सूर भरायचे. सगळे. मग शब्द — सुराखाली टिचकी मारायची, एक अक्षर लिहायचं, स्पेस दाबली की पुढच्या सुराखाली उडी. शब्द मध्येच तुटला तर छोटी रेघ, आणि एकच अक्षर लांबवायचं असेल तर लांब रेघ, ती ओढत न्यायची. लग्नाच्या बँडचं गाणं मी तासात उरकते. तुझ्या बाबांचं काय — त्यांचा एकेक ‘आ’ अडीच अडीच पानं! शब्द किबती, चर्चच्या जुन्या भाषेतले, ते एक बरं, डावीकडून उजवीकडे सुरांच्या बरोबरीनं चालतात. खाली अरबी अर्थ घालायचा म्हटलं की सगळं उलटं, डोकं उठतं. ते असो. तीस वर्षं झाली, आधी हातानं, आता यावर — सूर आधी, शब्द नंतर. सगळेच तसं करतात. मी काही जगावेगळं केलं नाही.

म्हणून त्यांना म्हटलं, मुअल्लिम, शब्द सोडा, मला नुसता सूर द्या. तर हटून बसले. म्हणे, ‘पोरी, नुसतं मला येत नाही. शब्द सोडला की मी चुकतो.’ मी चिडले. माझा स्वभाव तुला माहितीये. म्हटलं, यंत्राला आधी सूर लागतात, शब्द काय पुस्तकात आहेतच! आता तूच सांग, आहेत की नाहीत? आहेत. पण कुठला शब्द कुठल्या सुरावर संपतो, कुठे श्वास घेऊन पुढचं अक्षर उचलायचं — ते कुठल्या पुस्तकात आहे? जन्माचा आंधळा माणूस, गुरूनं जे कानात घातलं ते कानातच राहिलं. बाकीचे मुअल्लिम छोटी चाल गातात. ही लांब चाल एकट्या त्यांच्याकडे. आणि ऐकलं त्यांनी माझं! अकरा दिवस इथे बसून ‘आ — आ’ करत होते, मध्येच अडखळायचे, ओशाळायचे, पुन्हा पहिल्यापासून. घे. हे तुझं रेकॉर्डिंग. ऐक.

— बस झालं? हो, सगळं असंच. अथपासून इतिपर्यंत नुसता ‘आ’. शब्द एक नाही.

मग पानांवरचे शब्द कुठून आले म्हणतोस? मी बसवले. मी! अंदाजानं. जिथे बरं वाटलं तिथे. पहिलं कडवं सगळ्यांना येतं, तेवढं खरं. पुढची पंधरा पानं माझी.

असा बघू नकोस माझ्याकडे. शब्दांसाठी मंगळवार ठरला होता. लिफ्ट बंद, चार मजले काठी टेकत चढून आले. बेल वाजवली. आणि मी — मी घरातच होते रे. एका बँडचं गाणं दुपारपर्यंत द्यायचं होतं, म्हटलं दार उघडलं की तीन तास गेले. नाही उघडलं. वाटलं, जातील. गेले नाहीत. पायरीवर बसले आणि गायला लागले — मला द्यायचं म्हणून उजळणी करत होते. शब्दांसकट. दाराच्या या बाजूला अक्षर न् अक्षर ऐकू येत होतं, आणि मी काय केलं? कानाला हेडफोन लावले. बँडचं ढुमढुम ऐकत बसले. तासाभरानं बघितलं तर पायरी रिकामी. म्हटलं, पुढच्या आठवड्यात बोलावू. शनिवारी छाती भरली, रविवारी गेले. हे कुणाला बोलले नव्हते. तुलाही सांगणार नव्हते.

पण आलास ते बरं झालं. ऐक — लहानपणी तूच त्यांचा हात धरून चर्चला न्यायचास ना? शेजारी उभा राहून तोंड हलवायचास, मी पाहिलंय. दोनला छापखान्याचा माणूस ही पानं न्यायला येईल, वेळ आहे अजून. तू म्हण, मी माझं पुसून तुझं भरते. लाजू नकोस, आवाज कसाही असू दे. — हां. — हां, हे पहिलं कडवं, हे बरोबर. पुढे? हा बघ, या सुरावर काय? — नाही रे, ते अरबी झालं, तो अर्थ. बाबा किबतीत म्हणायचे. — परत घे. सावकाश. — रमझी?

— किती वर्षांचा होतास इथून गेलास तेव्हा? नऊ. मग तू तरी काय करणार.

राहू दे. पुरे. माझंच राहू दे मग — वर नाव त्यांचंच आहे. उद्या हे गातील, पुढच्या वर्षी हेच गातील, त्यांच्या पोरांना हेच शिकवतील. ऊठ आता, मला दोनच्या आत संपवायचंय. दार ओढून घे जाताना.