मॅरियनबाईंची पेटी

जमलेल्या बंधू-भगिनींनो,

पांढऱ्या रंगाची एक चांगली ट्यूब ऐंशी दिरहॅमला येते. म्हणजे जवळजवळ दोन हजार रुपये. आर्थरसाहेब ती आणायचे आणि पुढचा आठवडा खुबूसच्या रोट्या आणि काळ्या चहावर काढायचे. दुकानात किंमत ऐंशी. खरी किंमत आठवडाभराची भूक. व्यापारी माणूस मी, आज इथे उभा राहिल्यावरही आधी हिशेबच सुचला. माफ करा.

आपल्या बिल्डिंगमधले, तिसऱ्या मजल्यावरचे इंग्रज पेंटर, एवढंच बऱ्याच जणांना माहीत. लंडनला चित्रकला शिकलेला हा माणूस तरुणपणी हॉटेलांच्या कामासाठी दुबईत आला. वाळू, उंट, बहिरी ससाणे. जितक्या खोल्या तितके ससाणे. मग कॅनव्हासवर छापणारी मशिनं आली आणि काम खलास. मला म्हणायचे, "मिस्टर नाना, मशीन माझ्यापेक्षा चांगला ससाणा काढतं. त्याला कंटाळा येत नाही."

मग शारजात येऊन आपल्या मुलांना शिकवायला लागले. माझी मुलगी क्लासवरून आली की सांगायची, "बाबा, शॅडो इज नॉट ब्लॅक. इट्स पर्पल." मी म्हणायचो, सावली जांभळी असते हे कळायला मी फी भरतोय का? पण काय सांगू, तेव्हापासून मलाही ती जांभळीच दिसते.

आणि त्यांच्या पत्नी, मॅरियनबाई. भगिनींनो, तुम्हाला आठवत असेल. पहिल्यांदा हळदीकुंकवाला आल्या आणि वाण हातात घेऊन विचारलं, "हे परत कधी आणून द्यायचं?" किती हसलो होतो आपण. त्या बाईंचं मागणं एकच होतं. घरी जायचं. इंग्लंडात समुद्राकाठी त्यांचं लहानसं गाव. दरवर्षी साहेब म्हणायचे, "पुढच्या वर्षी, इन्शाल्ला." चित्रं विकली जात नव्हती. तिकडे जाऊन राहणार कुठे? खाणार काय? दोन उन्हाळ्यांपूर्वी बाई इथेच गेल्या.

त्यानंतर साहेबांनी एकच चित्र काढलं. खिडकीत बसलेल्या मॅरियनबाई. मानेवर ओला रुमाल. बाहेर समोरच्या इमारतीचे एसी. हे चित्र त्यांना बाईंच्या गावच्या गॅलरीत, वार्षिक प्रदर्शनात लावायचं होतं. हमरिया बंदरापाशी माझा लाकडी पेट्यांचा कारखाना. चित्र बगलेत धरून तिथे आले. म्हणाले, "तिला घरी नेईन म्हणालो होतो. नेलं नाही. निदान हे तरी जाऊ दे."

ती पेटी मी कारागिरांवर सोपवली नाही. स्वतः केली.

काही महिन्यांनी पेटी कारखान्यात परत आली. सोबत गॅलरीचं उत्तर. परीक्षकांनी आपलं चित्र अत्यंत काळजीपूर्वक पाहिलं, परंतु यंदा जागा देता येत नाही. मला वाटलं, माणूस खचणार. छे. त्यांनी सगळ्या शेडला चहा पाजला. "पाहिलं, मिस्टर नाना. तिच्या गावच्या लोकांनी तिला नीट पाहिलं. नाही म्हणाले ते सोडा. पाहिलं." वॉचमनला सांगितलं. किराणावाल्याला सांगितलं. तुमच्यातल्या किती जणांना लिफ्टमध्ये थांबवून सांगितलं असेल. आणि मी? आम्ही पेटी बोटांनी ठोकून ऐकतो. आतला माल सरकला असेल तर आवाज बदलतो. मी कान लावला. आत तसूभर हललं नव्हतं. छाती फुगवून म्हटलं, "साहेब, पॅकिंग कुणाचं आहे?"

उघडायला गेलो तर हात धरला माझा. "राहू दे, हबीबी. गावाला जाऊन आली आहे. थकली असेल. माझ्या भिंतीवर जागा करतो, मग उघडू."

जागा काही झाली नाही. भिंती आपल्या मुलांच्या चित्रांनी भरल्या होत्या, आणि ती चित्रं उतरवायला ते तयार नव्हते. पेटी माझ्याच गोदामात राहिली. मंगळवारी सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली, दार उघडलं नाही. मागे मूलबाळ नाही. त्यांच्या भावाने तिकडून फोनवर सांगितलं, तुम्हीच सगळं करा. आपण केलं.

पेटी काल मी उघडली, या सभेसाठी. माझ्या मागे आहे ते हेच चित्र.

आता दोन मिनिटं उभे राहूया. एरवी आपण डोळे मिटतो. आज मिटू नका. बाईंकडे पाहा. रुमालाकडे पाहा. सावकाश पाहा, घाई कुणालाच नाहीये. आर्थरसाहेब, आम्हा सगळ्यांचा तुम्हाला नमस्कार.

उभे राहण्याआधी एकच सांगतो, कारण हे मनात ठेवून मला घरी जाता येणार नाही. पेटीच्या आत, चित्राभोवतीच्या कागदावरून मी सुतळी बांधली होती. आमच्या गावाकडे कडब्याची पेंढी बांधताना मारतात ती गाठ. ती कापल्याशिवाय सुटत नाही, आणि कापली तर तशी पुन्हा मारणारा तिकडे कुणी नाही.

काल ती मी कापली.