काशाईच्या माळावर उतरलेलं विमान

ऐका! आणि मधे कुणी खोकू नका, या गोष्टीत इंजिनच पुरेसं खोकणार आहे.

दिवेलागणीला आपली वैजयंता खताळ विमान घेऊन निघाली. हसता काय? खरंखुरं विमान! एका इंजिनाचं, छकड्याहून जरासं मोठं. प्रवाशाला सोडून एकटीच परत निघालेली. घरी चार वर्षांची लेक, आईशिवाय न निजणारी.

माळाच्या वर आली आणि इंजिन खोकलं. एकदा. दोनदा. बंद! पंखा जागच्या जागी उभा. किल्ली फिरवली, इंधन दुसऱ्या टाकीवर घेतलं, ढिम्म. खाली मिट्ट काळोख. विमानतळाला कळवावं, तर कानात नुसती खरखर. आणि त्या खरखरीतून हाक आली, "वैजे!"

वैजू आपल्या गावची पोर. अंधारात तिसऱ्या हाकेशिवाय ओ देईल होय? विमानतळावरचे लोकसुद्धा तिला हसत हसत तीनदा पुकारायचे.

"वैजे गं!"

मग नुसती खरखर. तिसरी हाक नाहीच! भुताला तिसरी हाक मारता येत नाही. म्हणजे कोण, कळलं ना? सासरी गेलेल्या लेकीची वाट बघता बघता माळावरच मरून गेलेली काशाई धनगरीण!

पण जमीन तर वर येत होती. वैजूनं ओ दिली.

लगेच खाली दिव्यांच्या दोन रांगा! वैजू तिकडं वळली, तर दिवे उठून डावीकडं चालू लागले.

"म्हातारे, खेळतेस व्हय गं?"

"तिथं पाण्याची हीर हाय, बाई. माझ्या मागनं ये."

विमान टेकलं, उसळलं, एक चाक मोडलं, थांबलं. आणि दिवे कसले? मेंढ्यांचे डोळे! शेकडो! मधोमध धनगराचं पाल, चूल, चुलीवर भाकरी.

"दमलीस. ऱ्हा आजची रात."

काशाईनं वैजूच्या अंगावर घोंगडी घातली. हात बर्फासारखा, पण माया अशी, की वैजूच्या पापण्या मिटायला लागल्या. अन् ऐका! तिला लेकीचं नावच आठवेना!

"माझी... कुणीतरी वाट बघतंय," ती पुटपुटली.

"कोण गं?"

"लेक."

डोक्यावरून फिरणारा हात थांबला. बराच वेळ थांबला.

"मग ऊठ," काशाई म्हणाली. "पळ. मागं बघू नगंस, मी रडत आसंन."

वैजू पळाली ती थेट डांबरी सडकेला. उजाडल्यावर माळावर नुसतं विमान. ना पाल, ना मेंढी.

तेव्हा बाबांनो, त्या माळावरून जाऊ नका. ती काही करत नाही हो. पण घोंगडी पांघरलेल्याला उठवून वाटेला लावायचं, हे तिनं आणखी किती वेळा करायचं?