टेंडरच्या चिक्कीचा नमुना

अगं, टेंडर म्हटलं की मला पालिकेतला सावंत क्लार्कच आठवतो. तेव्हा आमचं घाटकोपरचं महिला मंडळ चिक्की करायचं. पालिकेच्या शाळांना खाऊ पुरवायचं टेंडर निघालं. बंद लिफाफ्यात भाव द्यायचा, सोबत मालाचा नमुना. काम मिळालं तर आमच्या बारा जणींची वर्षभराची सोय होणार होती.

काळ्या तिळाच्या चिक्कीचा पुडा मी सावंतच्या टेबलावर ठेवला. माणूस गोडाचा भारी हावरट! मुद्दाम म्हटलं, "भाऊ, वास घ्या हवा तर, पण खाऊ नका हां."

तीन वाजता सगळ्यांसमोर लिफाफे उघडायला साहेब आले. बघतात तर आमचा पुडा रिकामा!

"नमुना नाही? टेंडर बाद."

माझी तर वाटच लागली. सावंत ओठ घट्ट मिटून छताकडे बघत होता.

म्हटलं, "साहेब, लिफाफा राहू दे. आधी सावंतभाऊंचं तोंड उघडा."

"सावंत, आ कर!"

दातभर काळे तीळ! साहेबांना हसू आवरेना. "कशी होती रे?"

"झकास, साहेब."

साहेबांनी कागदावर लिहिलं, 'नमुना तपासला.' भाव आमचाच कमी निघाला, काम मिळालं.

आता सावंतच्या तोंडात एकही दात नाही. तरी संक्रांतीला दारात हजर. "मावशी, नमुना?"