टीव्हीवरची गोधडी

आमचे आजोबा जपानात आमच्याकडे ओजिमाला राहायला आल्यापासून मला रोज ऐकवतात, "साठच्या दशकात माणसं प्रामाणिक होती. तुमची पिढी नुसत्या पळवाटा शोधते." माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

परवा बेल वाजली. मी म्हटलं, "टीव्हीची फी वसूल करणारा दिसतोय." दारात त्याच्याशी बोलून परत येते, तर टीव्हीवर गोधडी, आत सुमो कुस्तीची कॉमेंट्री चालू, आणि आजोबा शांतपणे रिमोटवर बसलेले.

"आजोबा, आपण फी भरलीय."

"मग आधी सांगायचं ना. आमच्याकडे रेडिओचं लायसन तपासायला माणूस आला की आम्ही असाच रेडिओ झाकायचो."

"आणि म्हणे माणसं प्रामाणिक होती."

"होतीच. तो बिचारा आदल्या दिवशी निरोप पाठवल्याशिवाय कधी आला नाही."