दार 'इमिजिएटली' उघडा

इंग्रजी सुधारायची हौस वाईट नाही रे, पण ती साहेबाला आली की बाकीच्यांचं मरण. आमचे डोलवीच्या साइटवरचे साहेब रोह्याला क्लास लावून आले आणि दुसऱ्याच दिवशी फतवा निघाला. तक्रार फोनवर करायची नाही, इंग्रजीत मेल करायचा. तोही नुसता नाही. "क्रियापदाला जोर हवा. क्रियाविशेषण लावा!" झालं. नळ गळतोय, लिहा 'अर्जंटली'. खुर्ची डुगडुगतेय, लिहा 'इमिजिएटली'. महिन्याभरात साइटवर साधं काम म्हणून उरलंच नाही.

मग एका दुपारी साहेबांच्याच केबिनचं लॉक अडकलं. साहेब आत, एसी बंद. मशीनच्या आवाजात हाका कोण ऐकणार? आणि फोन करायचा, तर स्वतःचाच नियम मोडायचा! साहेबांनी मेल केला: 'ओपन माय डोअर इमिजिएटली.'

मेंटेनन्सच्या नझीरभाईंनी तो वाचला आणि कपात चहा ओतला.

मी म्हटलं, "अहो, साहेब आत अडकलेत वाटतं."

"नाय ओ. 'इमिजिएटली' हाय ना? म्हंजे या आठवड्यात कदी पन."

दुसरा मेल आला: 'एक्स्ट्रीमली अर्जंटली.' नझीरभाईंनी शांतपणे बिस्किट बुडवलं. "व्हय, मग उद्या बघू."

तिसरा मेल चक्क मराठीत होता: 'नझीरभाई, दार उघडा हो.'

नझीरभाई कप टाकून पळत सुटले. "चला, चला! साहेब खरंच अडकलाय!"