अंबाड्याचं नाक

कुंदा: ते उठाव-बिठाव मला सांगू नका, सर. एवढंच सांगा, ही काळी रेघ मारली कोणी?

नंदकिशोर: रेघ नाही, कुंदाबाई, आउटलाइन. फिनिशिंग म्हणतात त्याला. लांबून बघितलं की चित्र छान उठून दिसतं.

कुंदा: या भिंतीवरून त्या भिंतीवर बघा जरा. त्यांच्या शाळेची मुलं घ्या, आपली घ्या, सगळ्यांच्या चित्रांना तीच जाड काळी किनार. श्रद्धांजलीच्या बॅनरला असते तशी.

नंदकिशोर: हळू बोला हो. हा मुलुंडच्या शाळेचा हॉल आहे, आपली नाहूरची शाळा नाही. तासाभरात प्रदर्शनाला पाहुणे येतायत. दोन शाळांचा मिळून उपक्रम आहे, तो आपल्यामुळे नको बिघडायला.

कुंदा: बिघडायचं काही शिल्लक ठेवलंय का? गुरुवारपर्यंत ही चित्रं माझ्या कपाटात होती. मी दोन दिवस मतदार यादीच्या कामाला काय गेले, यांनी वाट लावून टाकली. कसला शिक्षक-विकास नि कसलं काय. शिसारी आली मला.

नंदकिशोर: असं एकदम बोलू नका. केवढं शिकलो आपण या शनिवारांमध्ये. मातीकाम झालं, ठसेकाम झालं, त्यांचे शिक्षक, आपले शिक्षक एका सतरंजीवर बसलो.

कुंदा: बसलो ना. आणि पहिल्याच शनिवारी आपल्याला शिकवणाऱ्या त्यांच्या त्या गंधाली मॅडमनी काय करायला लावलं होतं? मुलं जमिनीवर बसून चित्रं काढतायत, आपण सगळे शिक्षक भिंतीला टेकून उभे. हाताची घडी...

नंदकिशोर: ...तोंडावर बोट. आठवतंय. हसलो होतो सगळे.

कुंदा: मला तर रागच आला होता. इतकी वर्षं मी पोरांना जे ओरडून सांगते, ते ही कालची पोरगी मला करायला लावते! पण उभी राहिले. हात बांधलेले, तोंड बंद, करणार काय, नुसतं बघत बसले. तेव्हा कळलं, आपण एरवी किती मधे मधे करतो. जरा कुठे पोरगं थांबलं की आपला हात गेलाच त्याच्या कागदावर. मुलाच्या कागदाला मोठ्याचा हात लागणार नाही, असं सगळ्यांनी कबूल केलं होतं की नाही?

नंदकिशोर: केलं होतं. वर्गासाठी ठीक आहे ते. पण प्रदर्शन म्हटलं की जरा...

कुंदा: जरा काय? आणि आमच्या प्रांजलचं कुठाय? प्रांजल घाडीचं? माझ्यासोबतच आलीय ती. खाली पाणी पितेय, आत्ता वर येईल.

नंदकिशोर: तिला कशाला आणलंत आत्ताच? आईबरोबर यायची होती ना?

कुंदा: आईचे डबे पोचवून व्हायचेत अजून. ही सकाळपासून माझ्या दारात येऊन उभी. "बाई, चला ना, माझं कुठे लावलंय ते बघायचंय." तिसरीत आली तरी ही पोरगी दोन डोंगर, मधे सूर्य, कडेला नारळाचं झाड, याच्यापुढे गेली नव्हती. तेही शेजारणीच्या कागदात डोकावून. हे तिचं पहिलं स्वतःचं चित्र आहे, सर. पहिलं. कुठाय ते?

नंदकिशोर: त्या कोपऱ्यात असेल. तुम्ही आधी चहा घ्या ना, खाली बिस्किटं वगैरे...

कुंदा: इथे तर हे भलतंच काहीतरी आहे. कोण आहे ही बया? लाल ओठ, पापण्या, कानात झुमके. दात काढून हसतेय. आणि खाली नाव...

नंदकिशोर: कुंदाबाई.

कुंदा: खाली नाव प्रांजलचं आहे.

नंदकिशोर: तिचंच आहे ते. थोडं नीट केलंय, इतकंच.

कुंदा: अहो, ही पाठ होती! ही तिच्या आईची पाठ होती!

नंदकिशोर: पाठ?

कुंदा: विषय काय होता? "माझं घर". बाकीच्यांनी त्रिकोणी छपराची घरं काढली. हिने आई काढली. एक खोली त्यांची. आई पहाटेपासून गॅससमोर उभी, ही मागे खाटेवर बसून अभ्यास करते. तिला घर म्हणजे दिसते ती आईची पाठ. कागदभर पाठ काढली होती तिने. ब्लाउज घामाने भिजलेला, तिथे रंग गडद केला होता. आणि वर डोक्याच्या गोलात केसांचा अंबाडा. मी विचारलं, "तोंड गं?" तर म्हणाली, "तोंड भिंतीकडे आहे, बाई. आई तिकडे बघूनच बोलते." मला रडायला आलं होतं वर्गात. आणि या लोकांनी डोक्याच्या मागच्या बाजूवर तोंड काढलं? अंबाड्याचं नाक केलं?

नंदकिशोर: बाई, बसा जरा. लाल झालायत तुम्ही.

कुंदा: किळस येते मला, किळस. शिरा पडो त्या स्केचपेनार!

नंदकिशोर: मालवणीत सुरू होऊ नका इथे, हात जोडतो.

कुंदा: मी खाली जाते. त्या गंधाली मॅडमला विचारते सगळ्यांसमोर. येऊ देत पाहुणे. आम्हाला तोंडावर बोट ठेवायला शिकवलंत, आणि स्वतः...

नंदकिशोर: त्यांनी नाही केलं.

कुंदा: मग त्यांच्या कुठल्या तरी मिसने केलं असेल. एकच आहे.

नंदकिशोर: काल त्यांच्या मिसनी त्यांच्या मुलांची केली. त्यांच्या प्रिन्सिपलनीच पेनांचा डबा आणून टेबलावर ठेवला होता. गंधाली मॅडम तिथेच होत्या. बघत होत्या. बोलल्या नाहीत काही.

कुंदा: वा! म्हणजे हाताची घडी त्यांनी नेमकी काल घातली. आणि आपल्या मुलांची?

नंदकिशोर: खाली चहा आला वाटतं.

कुंदा: सर, आपल्या मुलांची कोणी केली?

नंदकिशोर: मी.

कुंदा: तुम्ही?

नंदकिशोर: त्यांची चित्रं अशी चकाचक भिंतीला लागलेली. आपली शेजारी धुतलेल्या फडक्यासारखी दिसायला लागली. त्यांच्या एक मिस प्रांजलच्या चित्रासमोर थांबल्या आणि मला म्हणाल्या, "सर, हे अनफिनिश्ड आहे का?" हसून म्हणाल्या हो, कुंदाबाई. मला इतकं लागलं ते. उद्या पाहुणे म्हणणार, महापालिकेच्या पोरांना साधं तोंड काढता येत नाही. मुख्याध्यापक म्हणून मान खाली कोणाची जाणार? मला वाटलं, पोरीला तोंड जमलं नसेल म्हणून तिने गोल तसाच सोडला.

कुंदा: तिला विचारायचं होतं.

नंदकिशोर: सुचलं नाही. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड होती माझी. कित्येक वर्षांनी हातात पेन घेतलं. ओठ तर... खोटं कशाला बोलू, ओठ काढताना मला बरं वाटत होतं.

कुंदा: मुलुंडवाल्यांना मी मघापासून शिव्या घालतेय. परके आहेत, त्यांना आपली पोरं काय कळणार, म्हणून. आणि तुम्हीच? तुम्ही प्रांजलच्या गल्लीत जाऊन आलायत, सर. त्या घरी उंबऱ्यात बसून चहा घेतलायत. ती बाई चहा देतानासुद्धा वळली नव्हती, शेजारणीच्या हाती कप दिला होता. त्यांच्यापेक्षा तुमचीच जास्त किळस येते मला. हे तोंडावर बोलतेय, राग येवो नाहीतर न येवो.

नंदकिशोर: बोला. आता काय करायचं ते सांगा. काढून टाकू का भिंतीवरून?

कुंदा: काढून काय होणार? ती वर येतेय. पावलं ऐकू येतायत.

(प्रांजल धावत येते. तोंड ओल्या हाताने पुसत एकेक चित्र बघत कोपऱ्यापर्यंत जाते.)

प्रांजल: बाई, इथे माझं नाव आहे.

कुंदा: हो गं.

प्रांजल: पण माझं कुठंय?

नंदकिशोर: तुझंच आहे ते, बाळा.

प्रांजल: ही कोण आहे?

नंदकिशोर: मी थोडं... तोंड राहिलं होतं ना, म्हणून मी काढलं. चुकलं माझं, प्रांजल. मला विचारायला पाहिजे होतं तुला.

प्रांजल: छान काढलंय, सर. ओठ पण छान आहेत. आमच्या आईला असे झुमके नाहीत.

कुंदा: प्रांजल, इकडे बघ माझ्याकडे. तुझं होतं तेच छान होतं. हे आपण काढून टाकू. कोरा कागद देते, खडू देते, इथे खाली बस नि परत काढ. पाहुणे थांबतील. मी बघते कोण काय बोलतंय ते.

प्रांजल: आईच काढू?

कुंदा: हो. तुला दिसते तशीच.

नंदकिशोर: अगदी तशीच काढ, बाळा. कोणी हात लावणार नाही. मी इथे उभा आहे, हाताची घडी घालून. हे बघ.

प्रांजल: नको ना सर, घडी नका घालू. मी नुसता गोल काढून देते, बाकीचं तुम्हीच करा. तुमचं चांगलं येतं.